नळ पूर्वीसारखा गळायला हवा

"हा माझा नळ नाही," घरमालक म्हणाले.

स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी नळ उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मग दवाखान्यात कुणी दुसऱ्याचंच मूल हातात ठेवावं, तसं त्याच्याकडे बघत राहिले. नळ बिचारा चकचकीत, एका बोटाने फिरणारा, आणि बंद केला की बंद होणारा. नळाचं याहून वेगळं काही काम नसतं. पण तेवढं काम मालकांच्या जुन्या नळाला कधी जमलं नव्हतं, म्हणून मी माझ्या पैशांनी हा नवा बसवून घेतला होता. मला वाटलं होतं, घर सोडताना मालक हा नळ बघतील आणि आभार मानतील. हो, खरंच वाटलं होतं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. दिवसभर लोकांना विचारतो, "आता स्पष्ट दिसतंय का?" आणि मला स्वतःला हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही.

"तुमचा नळ गळायचा," मी म्हणालो.

"गळत असेल. पण माझा होता. पितळी होता. कुठाय तो?"

मी सांगेपर्यंत मालक न्हाणीघराकडे वळले होते. त्यांनी दार ओढलं. दार गुपचूप लागलं. त्यांनी परत उघडलं, परत लावलं आणि दाराच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे तासलंय कुणी?"

"मीच सुतार बोलावला होता. अडकायचं हो फार. लावायला खांदा लागायचा आणि उघडायला शेजारी."

"म्हणजे तुम्ही माझं लाकूड काढलंत."

भुसा काढला असं म्हणायला हवं होतं. पण मालक 'लाकूड' असं म्हणाले, की मला क्षणभर वाटलं, मी जंगलच तोडलंय. नंतर ते बाहेरच्या खोलीत आले. तिथल्या भिंतीला दरवर्षी ओल यायची आणि तिच्यावर एक मोठा नकाशा उमटायचा. तो मी खरवडून, लिंपून, रंगवून घेतला होता. मालक भिंतीपासून चार पावलं मागे गेले आणि त्यांनी डोळे बारीक केले. "बाकीच्या भिंती वेगळ्या दिसतात, ही वेगळी दिसते. आता चारही रंगवाव्या लागणार. नुकसानच नुकसान करून ठेवलंय तुम्ही."

घरमालकांची नजर हा माझ्या धंद्यातला न सुटलेला प्रश्न आहे. स्वतःच्या घराचा ओला कोपरा त्यांना सात वर्षं दिसत नाही आणि भाडेकरूने मारलेल्या खिळ्याचं भोक खालून जिन्यातूनच दिसतं. असा नंबर कुठल्याही भिंगात बसत नाही.

जाताना ते दारातून म्हणाले, "हे सगळं वजा जाता डिपॉझिटमधून काही उरेल असं मला वाटत नाही. उरलं तर कळवतो."

आणि गेले. मी "बरं" म्हणालो.

"बरं?" बायको आतून आली. ती शिवणकाम करते, तोंडात टाचण्या धरूनही तिला माझ्यापेक्षा जास्त स्पष्ट बोलता येतं. "बरं म्हणालात तुम्ही? त्या माणसाने आपले पैसे गिळले आणि तुम्ही पाणी द्यायला उभे?"

"मी विचार करत होतो."

"सात वर्षं विचारच करताय. नवीन घराचं काय करायचं?"

यावर आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "माझ्यासाठी काही करू नका रे. मी इथे बरी आहे." आई हे वाक्य बोलली की समजावं, तिला अजिबात बरं नाही. तिचे गुडघे गेलेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद आणि उभा. आई शेवटची खाली कधी उतरली, ते आम्हाला कुणालाच नीट आठवत नाही. खिडकीतून तिला समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, आणि कुठल्या टाकीवर कुठला कावळा बसतो हे ती सांगू शकते. आम्हाला तळमजल्यावर एक घर मिळालं होतं. दोन खोल्या, पुढे ओटा. ओट्यावर खुर्ची टाकून आई रस्त्यावरची माणसं बघेल, एवढीच आमची कल्पना. नव्या मालकाला महिनाअखेर डिपॉझिट हवं होतं, नाहीतर घर दुसऱ्याला. आणि ते डिपॉझिट म्हणजे इथलं डिपॉझिट. दुसरं आमच्याकडे नाही. आमच्यासारख्या माणसाकडे आयुष्यात एकच डिपॉझिट असतं. ते एका मालकाच्या खिशातून काढून दुसऱ्याच्या खिशात ठेवायचं आणि मधल्या रस्त्यात त्याला एकदा डोळे भरून बघून घ्यायचं.

मी घरभाड्याच्या तक्रारींच्या कचेरीत गेलो. कचेरीत भिंतीवर काचेत 'भाडेकरूंचे हक्क' असा फलक होता. त्याच्या निम्म्या भागावर कॅलेंडर टांगलं होतं. मी कॅलेंडर बाजूला सारून वाचलं. माझा धंदाच तो आहे, खालची ओळसुद्धा सोडत नाही. खालच्या ओळीत लिहिलं होतं: 'नेहमीच्या वापराने होणारी झीज हे नुकसान नव्हे, त्यापोटी अनामत रकमेतून कपात करता येणार नाही.' मला इतका आनंद झाला, की मी ते मोठ्याने वाचलं.

"ओ, कॅलेंडर सोडा," खिडकीतले कारकून म्हणाले. "काय काम आहे?"

मी काम सांगितलं.

"घर सोडलंय की राहताय?"

"राहतोय अजून."

"मग डिपॉझिट मागायची वेळच झाली नाही. घर सोडल्यावर देय होतं ते."

"म्हणजे सोडल्यावर येऊ?"

"सोडल्यावर तुम्ही भाडेकरू कुठे राहिलात? हे भाडेकरूंचं ऑफिस आहे."

"मग मी यायचं तरी कधी?"

कारकुनांनी यावर खरोखर विचार केला. माणूस वाईट नव्हता. "सोडता सोडता या," ते म्हणाले.

तरी मी त्या खालच्या ओळीच्या जोरावर मालकांना फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आवाजात कायदा होता. "साहेब, झीज हे नुकसान नव्हे. फलकावर लिहिलंय."

"अगदी बरोबर," मालक म्हणाले. "पण झीज कुठाय? तुम्ही तर सगळं नवं करून ठेवलंत! नळ झिजला असता तर मी एका शब्दाने बोललो असतो का? मी झिजलेलं घर दिलं होतं. मला माझं झिजलेलं घर द्या, आणि पैसे घेऊन जा."

फोन ठेवल्यावर मी ते वाक्य पुन्हा पुन्हा तपासलं. वाक्यात कुठेही चूक सापडत नव्हती, हेच त्यातलं सर्वांत हलकट होतं.

आमच्या खाली, दुसऱ्या मजल्यावर, एक गृहस्थ राहतात. ते कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसतात आणि लोकांचे अर्ज टाइप करतात. इतकी वर्षं दुसऱ्यांचे दावे टाइप करून त्यांना वाटतं, आपण वकील आहोत, आणि आम्ही सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणतो, कारण खरा वकील पैसे घेतो. मी करारनामा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो जेवणाच्या ताटाशेजारी पसरला.

"सापडलं," बोट टेकवून ते म्हणाले. "'भाडेकरूने जागा ज्या स्थितीत ताब्यात घेतली त्याच स्थितीत परत करावी.' बास. इथेच अडकलाय तो."

"कोण? मी?"

"तो! अहो, त्याच्याच कलमाने त्याला बांधा. स्थिती काय होती? नळ गळका होता. दार अडकत होतं. भिंतीला ओल होती. मग करा ना गळका! अडकवा दार! घर होतं तसं करून द्या त्याला. मग कसलं नुकसान सांगतो ते बघू. मी येतो साक्षीला. पंधरा कोर्टात सांगेन."

त्यांच्या बायकोने माझ्याकडे बघून मान हलवली. ती मान 'करा' म्हणत होती की 'करू नका', हे मी तेव्हा ताडायला हवं होतं.

आता कुणी म्हणेल, जुना नळ होताच कुठे? असं विचारणारा माणूस आमच्यासारख्या घरात कधी राहिलेला नाही. आमच्याकडे वस्तू घराबाहेर जात नाहीत, त्या फक्त वर जातात. माळ्यावर पोत्यात जुना नळ होता, जुनी कडी होती, आणि दाराचा तासलेला भुसासुद्धा आईने पिशवीत भरून ठेवला होता.

"भुसा कशाला ठेवलास गं?" मी विचारलं.

"आता लागलाच ना?" आई म्हणाली. तिला आनंद झाला होता. आयुष्यभर जपून ठेवलेल्या कचऱ्याची पहिली मागणी आली होती.

मी प्लंबर बोलावला. त्याने नळ हातात घेऊन उलटासुलटा केला.

"हा बसवायचाय? काका, हा गळणार."

"माहीत आहे. गळायलाच हवा."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. घरात शहाणं कोण आहे, हे तो शोधत होता.

"किती गळायला हवा?"

"पूर्वी गळायचा तेवढाच. थेंब थेंब."

"जरा जास्तच गळायचा," बायको म्हणाली. "थेंबाच्या मागे थेंब. मध्ये एक श्वास घेता यायचा, तेवढं."

"वहिनी, मी असं काम केलेलं नाही," प्लंबर म्हणाला. "माझ्या हातचा नळ गळतो असं कुणी म्हणालं तर मी धंदा काय करू?"

आम्ही त्याला कलम समजावलं. त्याने जुना नळ बसवला, पैसे घेतले, आणि गेला. आम्ही नळासमोर उभे राहिलो. नळ गळेना. एक थेंब नाही. सात वर्षांपूर्वी ज्या नळाने आमची झोप खाल्ली, तो आता सज्जनासारखा गप्प. पठ्ठ्याने आम्हाला न विचारता आत नवा वायसर टाकला होता. आमच्या देशोधडीला लागलेल्या कुटुंबात स्वाभिमान शिल्लक असलेला एकच माणूस होता, आणि तो बाहेरचा निघाला.

मग मी तेच केलं, जे माझ्यासारखा माणूस नेहमी करतो: स्वतः केलं. दुकानातून भिंगाच्या कडा घासायची कानस आणली, नळ खोलला आणि वायसर थोडा घासला. थोडा म्हणजे किती, हे मला कुठून माहीत? भिंगाला मी केसाएवढा फरक ओळखतो. रबराचं आणि माझं तेवढं नातं नाही. नळ परत बसवून मी मुख्य चावी उघडली. बायको म्हणते, पाणी आधी समोरच्या भिंतीवर गेलं आणि मग माझ्यावर. मला क्रम आठवत नाही. मुख्य चावी मात्र फिरेना, कारण तीही मालकांची होती. ती फिरेपर्यंत स्वयंपाकघर भरलं, आणि आमच्या घरातली फरशी पाणी साठवून ठेवणाऱ्यातली नाही. ती खाली देऊन टाकते.

खाली वकीलसाहेब टाइप करत बसले होते.

ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात एक ओलाचिंब दावा होता. कुणा विधवेचा होता म्हणे, जमिनीचा. शाई खाली ओघळून सगळ्या पक्षकारांची नावं एक झाली होती.

"हे काय केलंत तुम्ही?" ते ओरडले.

"कलमाप्रमाणे," मी म्हणालो. "स्थिती पूर्ववत..."

"गाढव आहात! तुमच्यावर मीच दावा लावीन. माझं छत, माझा टाइपरायटर! आणि साक्ष? द्यायचीच झाली तर त्याच्या बाजूने देईन."

म्हणजे सल्ला त्यांचा, नळ मालकांचा, पाणी नगरपालिकेचं, आणि गाढव मी. या देशात, म्हणजे कुठल्याही देशात, भाडेकरूच्या वाट्याला नक्की काय येतं, ते मला त्या दिवशी कळलं.

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण पाणी पाहून माझ्या डोक्यात काहीतरी चढलं होतं. मी सुताराला बोलावलं. त्याला प्लंबरसारखा स्वाभिमान नव्हता. तो म्हणाला, "दार अडकवायचंय? अडकवू की." तासलेल्या कडेला त्याने लाकडाची एक पट्टी ठोकली, तिच्यावर आईच्या पिशवीतला भुसा डिंकात कालवून थापला. दार इतकं सुंदर अडकू लागलं, की मी त्याला वर बक्षीस दिलं. ओलीची काळजी करावी लागली नाही. नळाने तीही आणून दिली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवा नकाशा उमटला. पूर्वीचा बाहेरच्या खोलीत होता हे खरं, पण मी म्हटलं, एवढं तरी मालकांनी सांभाळून घ्यावं.

मालक तपासणीला आले. मी करारनामा हातात धरून उभा होतो. नळ गळत होता, थेंबामागे थेंब. मला त्याचा अभिमान वाटत होता.

"बघा," मी म्हणालो. "तुमचा नळ. पितळी."

मालकांनी बघितलं आणि त्यांना काही बोलता येईना. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण होता, आणि तेवढ्यात न्हाणीघरातून आईचा आवाज आला.

"अरे, दार उघडत नाहीये."

मी ओढलं. बायकोने ओढलं. भुसा आणि डिंक आणि नव्याने आलेली ओल यांनी मिळून दार चौकटीत मुरवून टाकलं होतं.

"आई, घाबरू नकोस."

"मी कशाला घाबरू? बादली पालथी घालून बसलेय. बाहेर कोण आलंय?"

"मालक."

"मग बाहेर येण्यासारखं काही नाहीच," आई म्हणाली. "अहो मालक, ऐकताय ना? सात वर्षांत तुम्ही एकदाही पायरीवर दिवा लावला नाहीत. दारामागून बोलतेय म्हणून बोलतेय, नाहीतर तोंडावर तुम्हाला कोण बोलणार?"

"आजी, दार पूर्वी एवढं अडकत नव्हतं," मालक दाराला म्हणाले.

"मग केवढं अडकायचं?" बायको कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "सांगा ना. खांद्याने उघडायचं, का लाथेने? मोजून सांगा, म्हणजे सुताराला तसं सांगते."

"पूर्वी माणूस आत अडकत नव्हता."

"अडकायचा! तुम्ही राहिलायत का इथे?"

मी आणि मालकांनी दोघांनी मिळून दाराला खांदा दिला. सात वर्षांत आम्ही दोघांनी एकत्र केलेलं ते एकमेव काम. दार उघडलं, पट्टी तुटून मालकांच्या पायावर पडली, आणि आई बादलीवर बसलेली दिसली, राणीसारखी. ती उठू शकत नव्हती. मी तिला हाताला धरून उठवलं. तिचा हात थंड पडला होता, आणि तिने माझ्याकडे न बघता फक्त एवढंच म्हटलं, "तळमजला झाला तर बरं होईल रे." आईने स्वतःसाठी काही मागितलेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सगळ्या कलमांतली हवा गेली.

मालक पाय चोळत खुर्चीत बसले. "हे बघा," ते म्हणाले, आवाज आता वेगळा होता, जवळजवळ माणसासारखा. "खरं सांगू? तुमचं डिपॉझिट माझ्याकडे नाहीच."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही काय समजलात, मी ते पेटीत घालून त्यावर बसलोय? तुम्ही आलात तेव्हा तुमचे पैसे घेतले आणि तुमच्या आधीच्याला दिले. आता नवा येईल, त्याचे घेईन, तुम्हाला देईन. येणारा देतो, जाणारा नेतो. सगळीकडे असंच चालतं. मध्ये मी फक्त हात पुढे धरतो."

"मग हे नुकसान, नळ, लाकूड...?"

"ते माझं. मध्ये हात धरायची मजुरी."

बायको टाचण्यांच्या डबीकडे बघत होती. मला तिची भीती वाटली.

"तेव्हा घर लवकर जायला हवं," मालक उठत म्हणाले. "मी माणसं पाठवतो. तुम्ही दाखवा. पण चांगलं दाखवा. तुमच्याच पैशांचा प्रश्न आहे."

तर आता ऐका, मी कुठे येऊन पोहोचलो होतो. जे घर मी स्वतःच्या हाताने बिघडवलं होतं, ते मलाच लोकांना आवडवायचं होतं. प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, "काका, मी चांगलाच बसवला होता. आता माझ्याकडे वेळ नाही." वेळ होता, तो मला धडा शिकवत होता. सुतार तर पुढच्या गावी कामाला गेलेला. हातातले पैसे गळका नळ बसवण्यात आणि दार अडकवण्यात संपले होते. बायकोने नळाच्या तोंडाला फडकं बांधलं, म्हणजे थेंब आवाज न करता पडेल. न्हाणीघराचं दार सताड उघडं ठेवून त्याला पाट टेकवला. नकाशासमोर तिने शिलाई मशीन आणि त्यावर कपड्यांचा ढीग रचला.

"हे काय करतोय आपण?" ती म्हणाली.

"घर दाखवतोय."

"नाही. हे मालकाचं काम आपण करतोय, आणि तेही मालकाच्याच पद्धतीने."

मी दाराचा पाट आणखी घट्ट टेकवला.

एक माणूस आला, त्याने फडकं सोडून बघितलं आणि काही न बोलता गेला. एक बाई आल्या, जिना चढून इतक्या दमल्या की घर न बघताच उतरल्या. वकीलसाहेब दुसऱ्या मजल्यावर दारात खुर्ची टाकून बसत आणि वर चढणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "वर पाण्याची चिंता नाही. माझ्यापर्यंतसुद्धा येतं."

मग ते दोघं आले. नवीन लग्न झालेलं दिसत होतं, कारण दोघं एकाच वेळी दारातून आत यायला बघत होते. तो एका छापखान्यात कामाला, ती पॅकिंगच्या कारखान्यात. त्यांना सगळंच आवडलं. ती खिडकीपाशी गेली आणि म्हणाली, "इथून केवढं दिसतं!" दिसत होत्या त्या पाण्याच्या टाक्याच.

"काका, घर कसं आहे?" त्याने विचारलं. "म्हणजे काही त्रास वगैरे?"

त्याच्या मागे मालक उभे होते. त्यांच्या मागे आतल्या खोलीच्या दारात आई बसली होती, हातात काठी, आणि सामान बांधून तयार. तिने आदल्या दिवशीच स्वतःच्या चार साड्यांचं गाठोडं बांधलं होतं.

"सात वर्षं राहिलो," मी म्हणालो. हे खरं होतं. मला वाटलं, एवढं खरं पुरे.

"मग चांगलंच असणार," मुलगी म्हणाली आणि हसली.

बायको आत निघून गेली. शिलाई मशीन सुरू झालं. शिवायला काहीच नव्हतं, तरी चालू होतं.

मालकांनी करारनामा काढला. छापलेलाच होता, फक्त नाव बदलायचं. वरून त्यांनी एक ओळ हाताने लिहिली आणि मला वाचून दाखवली: 'जागा सुस्थितीत आहे. नळ, दारे व भिंती यांबाबत कोणतीही तक्रार नाही, हे आधीच्या भाडेकरूने साक्षीदार म्हणून मान्य केले आहे.'

"इथे सही करा," ते म्हणाले. "मग मी पैसे मोजतो."

मी भाडेकरूंचे हक्क खालच्या ओळीपर्यंत वाचलेला माणूस. कायद्यासाठी मी शेजाऱ्याचं छत भिजवलं, आईला न्हाणीघरात कोंडलं. आता त्याच कायद्याची पुढची सही माझ्या हातात होती आणि तिच्याखाली गळा या पोरांचा होता. मला अजूनही कुणी विचारलं तर मी सांगेन, की मी विचार केला. मला विचार करायची सवयच आहे. पण मी सही केली. सुवाच्य केली. मालकांनी त्या पोरांचे पैसे मोजून माझ्या हातात ठेवले. सगळे नव्हेत, नळ, लाकूड आणि भिंती वजा जाता. तरी नव्या मालकाच्या डिपॉझिटचा मोठा भाग भरण्याइतके होते, आणि उरलेलं बायकोने मशीन गहाण टाकून भरलं.

जिन्यातून आईला आम्ही खुर्चीसकट उतरवलं. वकीलसाहेबांनी आमचं तोंड न बघता खुर्चीचा एक पाय धरला. तेवढी साक्ष त्यांनी दिली.

नवीन घर खरोखर चांगलं होतं. तळमजला, पुढे ओटा, आणि ओट्यावर ऊन. आईला तिथे बसवलं. तिने रस्त्याकडे असं बघितलं, की मला दुसरीकडे बघावं लागलं. आत नवा मालक करारनामा मांडून बसला होता. त्याच्या शेजारी एक बाई उभ्या होत्या, दवाखान्यातल्या नर्स असाव्यात, पांढऱ्या कपड्यांतच आल्या होत्या. इथे आधी त्या राहत होत्या.

"कसं आहे घर?" मी विचारलं.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "काहीही त्रास नाही." मग माझ्याकडे न बघता त्यांनी मालकाला विचारलं, "सही कुठे करायची?"

आतून कुठूनतरी बारीक आवाज येत होता, मला ओळखीचा. बायकोने तो ऐकला. मीही ऐकला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

ओट्यावरून आईने हाक मारली. "अरे, त्या बाईंना नीट विचारून घे ना, घर कसंय ते. त्या राहिल्यात इथे, त्या खरं सांगतील."

"नको आई," मी म्हणालो. "त्यांचं डिपॉझिट अडकलंय."